मुशीच्या पोटावर अंगठा

अंधेरीच्या बाजारात वेसाव्याहून येणारी ती कोळीण साधा भावही भांडल्यासारखा सांगायची. ती गप्प झाली की काहीतरी वाईट घडलंय असंच वाटायचं.

घरात बाळंतीण असली की दूध यावं म्हणून आम्ही तिच्याकडून मुशी, म्हणजे लहान शार्क, न्यायचो. कोयता लावण्याआधी ती मुशीच्या पोटावर अंगठा दाबून बघायची. मुशी अंडी घालत नाही, नाळेची पिल्लंच देते. आत पिल्लं लागली तर कितीही मागा, "भरलेली हाय. बालंतनीला देनार नाय!" अशी मुशी जाळ्यात जिवंत गावली तर तिचा नवरा परत समुद्रात सोडायचा. "ते नवीन ट्रॉलरवाले नाय सोडत, मेले," ती ओरडून सांगायची.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास वहिनी बाळंत झाली, तेव्हा मी गेले. टोपलीत ट्रॉलरचा माल होता, वीतभरही नसलेल्या मुश्या. सवयीने तिने एकीच्या पोटावर अंगठा ठेवला आणि तो तिथेच थांबला.

"बाय," ती पहिल्यांदाच हळू बोलली, "हिची नाल पन सुकली नाय गो."

तिच्या त्या आवाजाचीच मला भीती वाटली. मी रिकामी पिशवी घेऊन निघाले. घरी बाळाची नाळ अजून पडायची होती.