रुद्राणीची ब्रेलपट्टी

पाथरीच्या बसस्टँडसमोर महांतेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की आधी खेकसणार, मग चहा सांगणार, अन् मशीन पार मेलेलं असलं तरी "ठेवून जा, बघतो" म्हणणार. विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स घालून घालून त्यानं अर्ध्या तालुक्याची जुनी खोकी चालती ठेवली. अशा माणसाला घरचंच मशीन चालू करता येईना, आता बोला!

मशीन त्याच्या धाकट्या बहिणीचं, रुद्राणीचं. ती जन्मापासून आंधळी, अन् तिशी ओलांडली तसे कानही जायला लागले. तिच्या कीबोर्डाला लागून एक ब्रेलची पट्टी असायची. कॉम्प्युटरवर जे उमटेल ते पट्टीवर बारीक खिळ्यांनी वर यायचं अन् ती बोटांनी वाचायची. अंध मुलांच्या पुस्तकांची प्रुफं ती ह्याच्यावरच तपासायची. तिच्या बोटाखालून चूक सुटत नसे.

श्रावणात व्होल्टेज वाढलं अन् जुना कॉम्प्युटर जळाला. पट्टी वाचली, पण ती चालायची फक्त त्या जळालेल्या कॉम्प्युटरातल्या, पट्टीच्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर, अन् ते आता कुठंच मिळेना. महांतेशनं दुसरा कॉम्प्युटर आणून लिनक्स घातलं. लिनक्सला ब्रेलची अक्षरं येत होती, कितीतरी पट्ट्या चालत होत्या, हीच तेवढी नाही. हिला कोणता आकडा पाठवला म्हणजे कोणता खिळा उठतो, हे कंपनीनं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. ईमेल केला तर उत्तर आलं, मॉडेल बंद झालंय, आतली माहिती गोपनीय आहे. अरे, बंद पडलेल्या मालाचं कसलं आलंय गुपित? एका बाईला जगापासून तोडलं की रे तुमी!

खरा संताप मात्र त्याचा स्वतःवरच होता. दोन वर्षांमागं लिनक्सवर काम करणाऱ्या एका भल्या माणसानं त्याला लिहिलं होतं, 'पट्टी चालू आहे तोवर तिच्या तारेतून काय काय जातं ते रेकॉर्ड करून पाठवा, बाकीचं मी बघतो.' एका दुपारचं काम. पण चालत्या गाडीला खीळ कशाला, म्हणून महांतेशनं ते टाळलं. तहान लागल्यावर विहीर खणायला निघाला तेव्हा तो माणूसही हळहळला. 'आता अंदाजानंच आकडे पाठवून बघा,' त्यानं कळवलं, 'पण जपून. एखादा भलता आकडा गेला तर पट्टी कायमची मरेल.'

घाई होती ती कानांची. उजवा गेलाच होता, डाव्यात थोडी धुगधुगी. रुद्राणी सोमवारच्या भजनात म्हणायची, म्हणून भजनवाल्या सिद्रामप्पांनी आपला अॅम्प्लिफायर देऊन ठेवला होता. महांतेश माईकमध्ये ओरडायचा, तिच्या हेडफोनमध्ये त्यातलं थोडं पोचायचं. बाकी जगाचा आवाज तिच्यासाठी कधीच बंद झाला होता. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की हा कानही फार दिवस टिकणार नाही. मग तिला काही सांगायचं तर पट्टीच हवी.

सकाळी तिची गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा आटोपली की दोघं बसायचे. दुकान दुपारपर्यंत बंद. ती पट्टीवर बोटं ठेवायची, तो एक आकडा पाठवायचा अन् तिच्या खांद्यावर टिचकी मारायचा.

"न्हाई."

पुढचा आकडा.

"न्हाई, अण्णा."

दर टिचकीला त्याला वाटायचं, हाच तो मारका आकडा तर नसेल? आठ दिवस नुसतं न्हाई, न्हाई.

नवव्या सकाळी ती म्हणाली, "अण्णा, वायर हालव बरं. काईच ऐकू येईना."

त्यानं हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, माईकवर बोट आपटलं अन् कान फाटायची वेळ आली. वायर ठणठणीत होती. त्यानं हेडफोन परत तिच्या कानावर चढवला.

"वायरच गेली ना?" तिनं विचारलं. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं त्यांचं ठरलेलं. त्यानं एकच मारली. मग बाजारातून नवी वायर आणली, बसवली, दोन दिवसांनी आणखी एक आणली. तो खोटं बोलत होता अन् त्याची त्यालाच लाज वाटत होती, पण दुसऱ्या टिचकीला हात उठेना.

चौदाव्या सकाळी ती किंचाळली, "उठला! तिसरा खिळा उठला!"

एक दोरा हाती लागला तसा गुंता सुटत गेला. कोणत्या आकड्याला कोणता खिळा, तिनं सांगावं अन् त्यानं लिहावं. दोन दिवसांत लिनक्सनं पट्टी ओळखली. महांतेश रडत होता, तिला ते कळायचं कारण नव्हतं.

रुद्राणीनं पट्टीवरून एकदा हात फिरवला. हेडफोन तिच्या कानावर तसाच होता.

"आता तुला सांगता येतंय," ती म्हणाली. "आता खरं सांग. वायरला काय झालंय?"

त्यानं कीबोर्ड पुढं ओढला. मग त्यानं टाइप केलं.

वायर चांगली हाय.

तिनं वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली अन् त्याच्यापुढं धरली.

"सिद्रामप्पांचा अॅम्प्लिफायर वापस दे मग. सोमवारी लागंल त्येंला."

महांतेशनं टाइप केलं, बरं. तिनं ते बोटानं वाचलं अन् मान हलवली.