डोळखांबच्या खळ्यावर

१९९८ ची दिवाळी सरली आणि गुद्रूनला घेऊन मी शहापूरहून डोळखांबच्या एसटीत बसले. गुद्रून माझी वीस वर्षांची पत्रमैत्रीण. आइसलंडमध्ये शाळेत लॅटिन शिकवते. बेत पक्का होता: दहाला डोळखांब, तिथली वस्ती बघून बाराची परतीची गाडी, मग तानसा तलाव.

स्टॉपजवळच्या पाड्यात (वस्तीत) शिरलो. खळ्यावर सखूबाई आणि त्यांची सून मंजुळा नाचणीची कणसं काठीने झोडत होत्या. मंजुळाचा नवरा भांडी गोणीत भरत होता.

“कुठे निघालात?” मी विचारलं.

“जगाया चाललो,” मंजुळा म्हणाली. “वीटभट्टीवर. आता ट्रक येल. शिमग्यापर्यंत म्हातारी एकटीच. तिची नाचणी झोडून दिल्याबिगर कशी जाऊ?”

जगायला जाणं म्हणजे हंगामी मजुरीला जाणं. मी गुद्रूनला इंग्रजीत सांगितलं.

“आमच्याकडे ‘वेर’,” ती म्हणाली. “हिवाळ्यात माणसं शेत सोडून मासेमारीच्या तळावर जात. तो तळ म्हणजे वेर. लॅटिनमध्ये वेर म्हणजे वसंत ऋतू. दोन्हीकडे नपुंसकलिंगी. शिवाय आमच्याकडे ते क्रियापदाचंही रूप आहे: ‘राखतो’. वर्गात मुलांना गंमत वाटते. माझे आजोबा एका वर्षी वेरवरून परतलेच नाहीत, हे मी वर्गात सांगत नाही.”

मी ते वहीत लिहून घेईपर्यंत तिने काठी उचललीसुद्धा.

“गो बाई, कणसाला झोडतेस का कुरवाळतेस?” सखूबाईंनी टोमणा मारला. गुद्रूनला हातवारे कळले. तिने जोर लावला. घड्याळात साडेअकरा. मीही वही मिटून सूप धरलं.

ट्रक आला तेव्हा निम्मा ढीग बाकी होता.

“मंजुळा, टाइम झाला!” नवरा ओरडला. ती काठी सोडेना.

सखूबाईंनी ती हिसकावली. “जा गो! माझं हात मोडलं नाय.”

ट्रक हलला. मंजुळा वरून ओरडली, “आये, ती मोठी गोणी...” पुढचं इंजिनाने गिळलं.

“काय म्हनली?” सखूबाईंनी विचारलं. मला ऐकू आलं नव्हतं. ढीग संपेपर्यंत त्यांनी आणखी दोनदा विचारलं.

संध्याकाळच्या गाडीत हाताला फोड घेऊन आम्ही बसलो. नाचणी घरात गेली होती, तरी मला चैन पडेना. मोठ्या गोणीचं काय करायचं, हे सखूबाईंना सांगणारं शिमग्यापर्यंत कोणी नव्हतं.