कालवांचं पाणी

मयेकर काका सकाळी दात घासायला पेस्ट वापरत नसत. चिमूटभर मीठ आणि बोट. चहा नाही, कांदा-लसूण नाही, बसमध्ये कुणी बडीशेप पुढे केली तरी नाही. अकरा वाजता त्यांना बिअर चाखायची असायची, आणि त्याआधी जिभेवर दुसरं काही आलेलं त्यांना खपत नसे. अकराला पाच मिनिटं कमी असताना ते लॅबच्या बेसिनपाशी उभं राहून कोमट पाण्यानं चूळ भरायचे, शर्टाच्या खिशातल्या पुडीतून मूठभर बिनमिठाचे चुरमुरे काढून सावकाश चावायचे आणि मग माझ्यापुढे हात करायचे. मी ग्लास द्यायचे. या सगळ्यात कोणी बोलायचं नाही.

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधोमध आमची बिअरची छोटी कंपनी आहे. मी तिथं केमिस्ट म्हणून लागले तेव्हा घरी 'पेयांची कंपनी' एवढंच सांगितलं होतं. माझे वडील पिंपरीत तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. त्यांना काय ते कळलं, आणि पोरगी लॅबमध्ये बसते यातच ते खूश होते. आई मात्र सांगवीतल्या शेजारणींना अजूनही 'सरबताची कंपनी' असंच सांगते, आणि मी काही ते दुरुस्त करायला जात नाही.

पहिल्याच दिवशी काकांनी मला अर्धा ग्लास दिला आणि विचारलं, "काय लागलं?"

मी म्हटलं, "कडू आहे."

"कडू कारलंही असतं, बाय. आधी काय आलं? मग काय आलं? आणि शेवटी काय राहिलं? हे तीन सांग. बाकी कायपण सांगू नको."

मला तिन्हींपैकी एकही सांगता आलं नाही. काका हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, "जीभ सगळ्यांना असते. तिला विचारायची सवय नसते." पुढची चार वर्षं रोज अकरा वाजता त्यांनी मला तेच तीन प्रश्न विचारले.

या प्रश्नांची एक वही होती. तारीख, बॅच, आधी, मग, शेवटी आणि चाखणार, असे सहा रकाने. तारीख, बॅच आणि चाखणार मी सकाळीच भरून ठेवायचे, म्हणजे काकांना फक्त मधले तीन लिहावे लागत. चाखणारच्या रकान्यात पानामागून पान एकच नाव: मयेकर. एकदा मालक एका हॉटेलवाल्याला घेऊन आले होते. मोठ्या टाकीतली बॅच त्याच दिवशी जायची होती. काकांनी घोट घेतला आणि 'शेवटी' या रकान्यात लिहिलं, 'शिळं लोणी'. मालकांनी त्यांना बाजूला घेऊन बरंच समजावलं. काका शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, टाकी तुमची, माल तुमचा. पण वहीत लाड नाहीत." अख्खी टाकी गटारात गेली. मालक दोन दिवस फुगून बसले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच काकांसाठी चुरमुऱ्यांची पुडी घेऊन आले.

काका मूळचे देवगडकडच्या एका खाडीकाठचे. कंपन्यांमध्ये नोकऱ्या करत तीस-बत्तीस वर्षांपूर्वी इकडे आले आणि पिंपळे गुरवला दोन खोल्यांत स्थिरावले. बोलणं इकडचं झालं होतं, पण मन भरून आलं की मालवणी वर यायची. आईचा विषय निघाला की हमखास यायची. त्यांची आई ओहोटीला खाडीतल्या खडकांवरून कालवं काढायची. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, टोकदार लोखंडानं शिंपला उचकटायचा, आतलं मऊ कालव डब्यात टाकायचं. "तिच्या बोटांवर बारीक बारीक कापल्याचे डाग. भात कालवताना मीठ लागून झोंबायचे. पण कालवं काढायची ती सोडली नाही," ते सांगायचे. परदेशात काळ्या स्टाउट बिअरमध्ये कालवं घालून उकळतात, हे त्यांना कुठल्याशा मशीन बसवायला आलेल्या गोऱ्या इंजिनिअरनं सांगितलं होतं. तेव्हापासून ते मालकांच्या मागे लागले होते, एकदा आपण करून बघू. मालक म्हणायचे, "मयेकर, लोकांना दारूसोबत मासे लागतात. दारूत नाही." काकाही हसायचे आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारायचे.

मग एका सकाळी काळी बिअर चाखून त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि बॅचमधला दोष सांगावा त्या आवाजात म्हणाले, "डाव्या कडेला झोंबतंय. महिना झाला."

मला वाटलं बिअरबद्दल बोलतायत. ते जिभेबद्दल बोलत होते. आयुष्यात त्यांनी तंबाखू सोडा, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. गुटखा खाऊन आलेल्या माणसाला ते लॅबच्या दारातून परत पाठवायचे. तपासण्या झाल्या, कर्करोग निघाला, आणि जीभ बहुतेक सगळी काढावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनची तारीख मिळाली ती साडेतीन आठवड्यांनंतरची. ते सांगताना काकांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "घाई केली तर स्टाउट होतो तेवढ्यात."

मालकांनी या वेळी मासे-दारूचा विनोद केला नाही. पन्नास लिटरची प्रयोगाची टाकी मोकळी करून दिली. काकांच्या पुतण्यानं गावाहून बर्फात घालून सोललेल्या कालवांचा डबा पाठवला, सोबत पोतंभर शिंपल्या. नेमका उकळीचा दिवस आला आणि काकांना त्याच दिवशी स्कॅनसाठी बोलावलं. निघताना मला सांगून गेले, "शेवटच्या पंधरा मिनिटांत शिंपल्या टाक, आणि डब्यातलं सगळं टाक."

मी डबा उघडला. करड्या, गढूळ पाण्यात कालवं बुडालेली. वरचा बर्फ वितळून घाण पाणी झालंय असं मला वाटलं. बाहेरून आलेली कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय टाकीत जाऊ द्यायची नाही, ही लॅबची शिस्त. आणि मटण असो की मासळी, तीन पाण्यांनी धुवायची, ही आमच्या घरची. मी ते पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. कालवं तीन वेळा स्वच्छ धुतली, पांढरी फेक झाली तेव्हा माझं समाधान झालं, आणि ती टाकीत टाकली. यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी काका रजेवर असूनही आले. पेस्ट न लावता, चहा न घेता. चुरमुरे चावता येत नव्हते, म्हणून ते तोंडात धरून मऊ होईपर्यंत थांबले. मी ग्लास दिला. काळी कुळकुळीत बिअर, वर तांबूस फेस. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला.

त्या दिवशी प्रश्न मी विचारले. "आधी काय आलं?"

"भाजलेलं. तव्यावर विसरलेल्या भाकरीचं."

"मग?"

"कोको. मागून थोडा गूळ."

"शेवटी काय राहिलं, काका?"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात ओट्यावर टेकून त्यांच्याकडे बघत होते. गेले तीन आठवडे मी त्या टाकीपाशी दिवसातून दहा वेळा जात होते, हे त्यांना ठाऊक होतं.

"खाडी," ते म्हणाले. "खाडी रवली गो."

दोन घोटांच्या वर कधी न घेणाऱ्या त्या माणसानं तो ग्लास संपवला. प्रयोगाच्या बॅचची वही वेगळी असे, ती मागून घेतली, लिहिलं, मिटली आणि कपाटात ठेवली. मी इतकी आनंदात होते की बसपर्यंत त्यांची पिशवी घेऊन गेले.

ऑपरेशननंतर काकांचं बोलणं संपलं. नाकातून नळी, तिच्यातूनच पेज आणि औषधं. रविवारी मी त्यांच्याकडे जायचे, कंपनीच्या गमती सांगायचे, ते मान हलवायचे. अशाच एका रविवारी गावाहून कालवं आली होती. काकींनी माझ्यासाठी डबा भरला आणि झाकण लावताना सहज म्हणाल्या, "पाणी ओतून टाकू नको हां गो. त्या बिअरीच्या टायमाक टाकलंस तसा."

बोलून झाल्यावर त्यांचा हात झाकणावर तसाच राहिला. आतल्या खोलीत काकांनी पलंगाच्या कडेवर जोरात हात आपटला.

मी विचारलं तेव्हा काकी रडायलाच लागल्या. "त्याच दिवशी घराक येऊन माका सांगल्यानी. पोरीन पाणी टाकल्यान, पण तिका बोलू नको. गो, कालवाची सगळी चव त्या पाण्यात. ह्यांची आई मसालो घालूच्या आधी तां पाणी गरम करून वाटीत ह्यांका देय. ल्हान असताना तापात दुसरा काय पोटात ठरत नसा."

पाणी टाकायचं नसतं, हे सांगावं लागतं, असं काकांच्या डोक्यातच आलं नसणार. आणि ते टाकायचं असतं, याबद्दल मला तिळभर शंका आली नव्हती. मी आत गेले. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. जीभ जाण्याआधी त्यांना एकदाच जे हवं होतं ते मी बेसिनमध्ये ओतून दिलं होतं, आणि वर त्यांच्याकडून खोटं वदवून घेतलं होतं. मला त्यांच्यापुढे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी कपाटातून प्रयोगाची वही काढली. आधी: भाजलेलं. मग: कोको, गूळ. 'शेवटी' हा रकाना कोरा होता. तोंडानं ते माझ्यासाठी खोटं बोलले होते. वहीत त्यांना ते जमलं नव्हतं.

मी पुतण्याला फोन केला. पुन्हा डबा आला, पुन्हा बॅच लावली. या वेळी पाणी फडक्यातून गाळून थेंबन्‌थेंब टाकीत घातलं. बाटली भरेपर्यंत महिना गेला, आणि त्या महिन्यात काकांचं दुखणं गळ्यात उतरलं. मी बाटली आणि वही घेऊन पिंपळे गुरवला गेले तेव्हा त्यांना उशांना टेकवून बसवावं लागलं. मी ग्लास त्यांच्या नाकाशी धरला. नळीमुळे एकच नाकपुडी मोकळी होती. त्यांनी पुन्हा पुन्हा वास घेतला, मग ग्लास माझ्याकडे ढकलला आणि शर्टाचा खिसा चाचपडला. मला समजेना. काकींना समजलं. त्या डब्यातून चुरमुरे घेऊन आल्या.

मी चूळ भरली, चुरमुरे चावले, घोट घेतला. काकांनी एक बोट वर केलं.

"भाजलेलं," मी म्हटलं. "भाकरी नाही. भाजलेले चणे."

दोन बोटं.

"कोको. या वेळी गूळ कमी आहे."

तीन बोटं. 'खाडी' म्हणणं सोपं होतं. पण मी उभ्या जन्मात खाडी पाहिली नव्हती, आणि त्यांच्यासमोर आता खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. मी आणखी एक घोट घेतला आणि थांबले.

"खारट आहे, पण मिठाचं खारट नाही," मी म्हटलं. "जिभेच्या दोन्ही कडांना लागतं. मग लोखंड. मग ओला दगड असतो ना, तसं काहीतरी. आणि सगळं गेल्यावर थोडं गोड. ते गोड जात नाहीये, काका."

"तांच," दारातून काकी म्हणाल्या. "तांच तां पाणी."

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. त्यांनी वहीसाठी हात पुढे केला. मी त्यांच्या मांडीवर उशी ठेवली, वर वही ठेवली. तारीख, बॅच आणि चाखणार मी सवयीनं सकाळीच भरले होते. त्यांनी मधले तीन रकाने हळूहळू भरले. 'शेवटी' मध्ये मी सांगितलेलं सगळं लिहिलं, ओला दगडसुद्धा. मग चाखणारपाशी आले, तिथं मी लिहिलेल्या 'मयेकर' वर एक सरळ रेघ मारली आणि पुढे लिहिलं, प्रज्ञा.

अकरा दिवसांनी काका गेले. मी त्यांची नीट माफीसुद्धा मागितली नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

अकराच्या चाखण्याचं काम मालकांनी माझ्याकडे दिलं. मी आता मिठानं दात घासते. चहा दुपारी. माझ्याकडे एक नवीन केमिस्ट आली आहे, तिलाही 'कडू आहे' यापलीकडे अजून काही सांगता येत नाही, आणि मी तिला रोज तेच तीन प्रश्न विचारते. वही मात्र मी स्वतः भरते. चाखणारच्या रकान्यात कधीकधी हात सवयीनं 'म' काढतो. मग मी त्यावर एक सरळ रेघ मारते आणि पुढे माझं नाव लिहिते.