आवडाबाईंचे कान चांगले होते

आवडाबाई आमच्याकडे पोळ्या करायला आल्या तो दुष्काळाचा उन्हाळा होता, २०१३ सालचा. बिडकीनच्या पुढं त्यांचं गाव. विहिरीनं तळ दाखवला, जनावरं चारा छावणीत गेली आणि नवराबायको शहरात आली. मोतीराम, म्हणजे त्यांचे यजमान, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर लागले आणि आवडाबाई उस्मानपुऱ्यात चार घरी पोळ्या लाटू लागल्या. पुढं त्यांचं शेत नव्या उद्योगनगरीत गेलं. "आता तिथं इतका रुंद रस्ता झालाय ताई, बैलाला पल्याड जायचं तर शिदोरी बांधून द्यावी लागंल," असं सांगून त्या स्वतःच हसायच्या. त्याचं रडगाणं त्यांनी कधी गायलं नाही. त्या गवळणी गायच्या.

मी पद्मजा, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेली कारकून. घरात मी आणि माझी पुस्तकं. आवडाबाईंना मी अहोजाहो करते, आमच्याच कपात चहा देते, आणि हे दोन्ही चारचौघांत सांगतेसुद्धा. 'आवडाबाई आमच्या घरातल्याच' हे वाक्य माझ्या तोंडी इतकं बसलं होतं, की ते खरं आहे का हे तपासायची वेळ कधी आली नव्हती. ती आली तेव्हा मी नापास झाले.

मुकुंदवाडीला त्यांच्या वस्तीत बायकांचं भजनी मंडळ आहे. दर एकादशीला दुपारी विठ्ठलाच्या लहानशा देवळात बसतात. एकजण पुढं म्हणते, मागच्या दहाबाराजणी ओळ उचलतात. पुढं म्हणणाऱ्या आवडाबाई होत्या. नवी चाल त्याच शोधून आणायच्या, घोकायच्या, मग सगळ्यांना शिकवायच्या. पुढचीला पखवाज नीट ऐकू यावा लागतो, नाहीतर सगळ्यांचाच ठेका चुकतो. पंधरवडाभर दुसऱ्यांच्या ओट्याशी उभ्या राहणाऱ्या या बाईला त्या एका दुपारी सगळी वस्ती वाट करून द्यायची.

२०१९ च्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीनं, सोनियानं, आपला जुना फोन आईला दिला आणि गुलमंडीतून मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकरही आणून दिला, कारण फोन एकदा परातीतल्या पाण्यात पडल्यापासून त्याचा स्वतःचा आवाज नुसता खरखरायचा. "ताई, तुम्ही शिकलेल्या. एवढं जोडून द्या," म्हणत आवडाबाईंनी दोन्ही वस्तू माझ्यापुढं ठेवल्या. मी जोडून दिल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊ वाजता आमच्या स्वयंपाकघरात पेटी, पखवाज आणि गवळण सुरू झाली, वर आवडाबाईंचा आवाज आणि लाटण्याचा ठेका. पेपरची एक ओळ मी तीनतीनदा वाचू लागले.

आवडाबाई, जरा आवाज कमी करता का? एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथं कमी केला असता. पण मला भीड पडली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. एक तर पोळ्यांची बाई दुखावून गेली तर दुसरी कुठून आणायची ही भीती, आणि दुसरं म्हणजे 'घरातल्याच' बाईला असं बोलणारी मी मला दिसायला नको होते. मला चांगलंही राहायचं होतं आणि शांतताही हवी होती.

एके दिवशी त्या गच्चीवर टँकरच्या पाण्याचा पाइप धरायला गेल्या आणि फोन ओट्यावर राहिला. मी उचलला. हेडफोन आणि ब्लूटूथच्या आवाजाला मर्यादा घालायची एक सोय त्यात असते, पोरांचे कान बिघडू नयेत म्हणून. ती मी निम्म्याच्याही खाली आणली आणि कुणी बदलू नये म्हणून चार आकड्यांचं कुलूप घातलं. माझ्या निवृत्तीचं साल. फोन होता तिथं ठेवला. लाजबिज काही वाटली नाही. उलट, कसं गुपचूप काम झालं, याचं कौतुकच वाटलं. आता लिहिताना तोंड लपवावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी आवडाबाईंनी बटण दाबदाब दाबलं. आवाज काही चढेना. "ताई, याला काय झालं वो?"

मग मी साप म्हणून भुई धोपटायला बसले. स्पीकर चार्जिंगला लावला. त्याच्या जाळीत पीठ गेलं असेल म्हणून जुन्या टूथब्रशनं जाळी घासली. स्पीकरवरचं अधिकचं बटण दाबून दाखवलं. जोडणी पुसून टाकली, पुन्हा जोडली. फोन बंद करून चालू केला. असं तीन दिवस. प्रत्येक वेळी आवडाबाई पिठाचे हात तसेच वर धरून आशेनं बघत उभ्या. मला माहीत होतं की यातल्या कशानंही काही होणार नाही, तरी मी कपाळाला आठ्या घालून शोधत होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला नीट ऐकू येतंय का?"

"मला तर छान येतंय," मी म्हणाले.

हे खोटंही नव्हतं. मी जवळ बसले होते, गॅस बंद होता. पण त्यांनी काय विचारलं ते मला कळलं होतं. त्या स्पीकरकडं बघत राहिल्या, मग जाळीला कान लावला. कानाच्या पाळीला पीठ लागलं. "मह्या मायलाबी असंच झालं व्हतं," त्या म्हणाल्या. "लक्ष्मीबाईला. पन्नाशीला टेकली अन् कान गेले. जवळून बोललं की कळायचं, लांबून नाय. लोकं तिला हासायचे." मी त्याच क्षणी फोन मागून घेऊन कुलूप काढू शकत होते. मी म्हणाले, "वय झालं की होतं हो थोडं." चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हणतात, ती मी चहा पिता पिता दिली.

त्यानंतर स्पीकर दिसेनासा झाला. स्वयंपाकघर शांत झालं, पेपर नीट वाचून होऊ लागला. मी हाक मारली की आवडाबाई दचकून वळायच्या आणि माझ्या ओठांकडं बघायच्या. चांगलं ऐकू येणारी बाई आपल्याला ऐकू येत नाही या धाकानं बहिऱ्यासारखी वागू लागली होती. मला ते दिसत होतं. उद्या काढू कुलूप, असं मी रोज ठरवत होते.

एकादशीच्या दुसऱ्या दिवशी लाटता लाटता त्यांनी सहज सांगितलं, "काल टाळ देऊन टाकला, ताई. दगडाबाईला."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या मंडळाचा रिवाज असा, की पुढं म्हणणारी थकली की तिनं आपणहून देवापुढं आपला टाळ दुसरीच्या हातात द्यायचा. बाकीच्यांनी म्हणेपर्यंत थांबायचं नाही. दिलेला टाळ वर्षभर परत घेता येत नाही. "पखवाज ऐकू आला नाय अन् मी भलतीकडंच गेले तर? बायका तोंडावर काय म्हनायच्या नाय. मागून हासतील. त्यापरीस आपलं आपण उठलेलं बरं." दगडाबाई त्यांच्याच गल्लीतली, गळ्यानं बरी. "तिला वरच्या पट्टीत जरा तरास व्हतो. शिकंल," आवडाबाई म्हणाल्या आणि तव्यावरची पोळी उलटली.

"फोन उद्या आणा, मी पुन्हा बघते," मी म्हणाले.

"आता कशापायी, ताई? स्पीकर दुकानात देऊन टाकते. सोनियाचं तरी वाया जाऊ नाय."

दोन दिवसांनी त्या आल्या त्या सरळ बाहेरच्या खोलीत. एरवी त्या चपला काढून आधी हात धुवायला जातात. फोन आणि स्पीकर त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवले. गुलमंडीच्या दुकानातल्या हिमांशूनं स्पीकर आपल्या फोनला जोडला तर सगळं दुकान दणाणलं म्हणे. "तो म्हनला, मावशी, स्पीकर तो एकदम टकाटक है. तुमच्या फोनमध्ये कुणीतरी आवाजाला कुलूप घातलंय. चार आकडी नंबर हाय, ज्यानं घातला त्यालाच ठाऊक." एवढं बोलून त्या थांबल्या. "मी म्हनलं, मह्या ताईला इचारते. त्यांना येतं समदं."

त्यांच्या बोलण्यात संशय नव्हता, हे मी शपथेवर सांगते. खरोखर मदत मागायलाच आल्या होत्या. मी 'बघते हं' म्हणून फोन घेतला. काय करायचं याचा विचार मी केला नाही. बोटांनीच ते साल टाकलं. कुलूप उघडलं, मी मर्यादा काढली, गवळण लावली, आणि आधीच जोडलेला तो स्पीकर गवळणीच्या मधल्याच ओळीवर खोलीभर गर्जला.

आवडाबाईंचा चेहरा फुलला. कानांवर हात ठेवून त्या हसल्या. "आगं माय! म्हंजी मह्ये कान चांगले हाईत!" माझ्यासमोर एवढ्या आनंदानं कुणी हसल्याचं मला आठवत नाही. मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं. त्या शाळेत गेलेल्या नाहीत, पण चार घरांच्या चार किल्ल्या कमरेला बांधून फिरणाऱ्या बाईला कुलपाबद्दल कुणी काय शिकवायचं?

"पयल्याच फेरीत उघडलं, ताई," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. "मी घातलं होतं. मला आवाजाचा त्रास होत होता."

त्यांनी स्पीकर बंद केला. मला वाटलं, आता काम सोडतील, चार शब्द सुनावतील. सुनावले असते तर बरं झालं असतं. "मला सांगायचं ना," एवढंच म्हणाल्या. "मी बंद केला असता." आणि आत जाऊन कणीक भिजवायला लागल्या. त्या दिवशीच्याही पोळ्या नेहमीसारख्याच मऊ होत्या, आणि माझ्या घशाखाली एकही उतरली नाही.

मग मी ठरवलं. पुढच्या एकादशीला मी मुकुंदवाडीला जाणार आणि सगळ्या बायकांसमोर सांगणार, की आवडाबाईंच्या कानांत काही दोष नाही, दोष मी केला. त्यांना तसं सांगितलं. "कशाला येता उन्हाचं," त्या म्हणाल्या. मी गेले. रिक्षात बसून वाक्यं पाठ केली.

देवळात दहाबाराजणी जमल्या होत्या. पंखा होता, वीज नव्हती. मी उभी राहिले. "मला आवडाबाईंबद्दल थोडं सांगायचंय," एवढं म्हटलं आणि पाठ केलेलं पुढचं वाक्य आठवू लागले. तेवढ्यात आवडाबाईच उठल्या.

"या मह्या ताई," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "मह्या फोनात बिघाड व्हता. दुकानदाराला जमलं नाय, ते यांनी एका मिनटात केलं. मह्ये कान चांगले हाईत म्हून यांच्यामुळं कळलं." माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

बायकांच्या तोंडून "अगं बया!" निघालं. दगडाबाईनं टाळ लगेच पुढं केला, "मग तू घे की परत." आवडाबाईंनी तिचा हात मागं सारला. "देवापुढं दिलाय. तू म्हन. मी मागून धरते."

आता तरी बोल, असं मी मला म्हणत होते. दगडाबाईनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. एकीनं पाण्याचा तांब्या दिला. त्या वस्तीत त्या दिवसांत नळाला नवव्या दिवशी पाणी येत होतं. मी ते प्यायले. पाहुणी म्हणून त्यांनी मला अगदी पुढं, देवाच्या समोर बसवलं. आवडाबाई मागं भिंतीशी जाऊन बसल्या. भजन सुरू झालं. वरच्या पट्टीत दगडाबाईचा आवाज चिरकला, मागून आवडाबाईंनी ओळ सावरली, आणि मी सगळ्यांसोबत टाळ्या वाजवत राहिले.