गुरुजींची लाईन

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तिसगावजवळच्या एका गावात मी टेलिफोनचा लाईनमन होतो. माझ्या मेहुण्याने वेशीजवळ कॉम्प्युटर क्लास काढला आणि फोनच्या तारेवरून इंटरनेट गावात आणायचं मनावर घेतलं. मोडेम शिट्ट्या मारायचा, खरखरायचा आणि जोडला गेला की दोन मिनिटांत तुटायचा. एका क्रिकेटपटूचा फोटो कपाळापर्यंत उतरून अडकला. पोरं रोज विचारायची, "सर, नाक आलं का?"

मेहुणा माझ्यामागे लागला. "दाजी, घरात लाईनमन असून ही गत. लोक हसत्यात मला."

दोष तारेचा होता. त्याच्या लाईनला वाटेत सात-आठ जोड, त्यातले निम्मे मीच हाताने पिळून वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेले. क्लासजवळच्या खांबावर तारांची एकच जोडी अखंड, बिनजोडाची होती. ती जात होती पलीकडच्या गल्लीत, मला चौथीला शिकवलेल्या गुरुजींकडे. गुरुजी एकटेच राहायचे. त्यांचा फोन वाजायचा तो रविवारी सकाळी, पुण्याहून लेकीचा. आठवड्यातून एका फोनला कशाला हवी एवढी चांगली तार, असं म्हणत मी दोन्ही टोकांना अदलाबदल करून टाकली. नंबर तेच राहिले, वाट बदलली.

त्या संध्याकाळी फोटो नाकासकट, बुटांसकट उतरला. मेहुण्याने पेढे वाटले. सरपंच येऊन बघून गेले. "पुण्यात बी एवढं पळत नसंल," म्हणाले. मीही छाती काढून फिरलो, खोटं कशाला सांगू.

पंधरा दिवसांनी गुरुजींनी हाक मारली. "फोन बघ रे जरा. लेक बोलते तर भजी तळल्यासारखं ऐकू येतं."

मी रिसीव्हर कानाला लावला. भजी जोरात तळली जात होती. आणि मी म्हणालो, "लाईन ओके आहे, गुरुजी."

"मग कानच गेले म्हणायचे."

त्यांना माझा संशय आला नाही, हेच मला आजवर टोचतं. पुढच्या रविवारी मी त्यांच्या खिडकीखालून चाललो होतो. पूर्वी अर्धा तास चालणारं बोलणं त्यांनी "सगळं बरं आहे, ठेवतो" एवढ्यावर आटोपलं. लाईन खराब आहे, असं लेक तिकडून सांगतही असेल, पण तेही त्यांना ऐकू जात नव्हतं.

मग ते एसटीने नगरला कानाच्या डॉक्टरकडे गेले. ते परत यायच्या आत मी खांबावर चढलो आणि तारा होत्या तशा केल्या. रविवारी त्यांना लेकीचा शब्द न् शब्द कळला. गुरुजींनी गावभर सांगितलं, काय औषध आहे, दोन थेंबांत गुण. आणखी तीन म्हातारे त्या डॉक्टरकडे जाऊन आले. मी मात्र मेहुण्याचे सगळे जोड दोन दिवस खपून नव्याने बांधले. हे आधीच केलं असतं तर बाकी काही करावं लागलं नसतं. फोटो जरा दमाने, पण पुरा उतरायला लागला.

पंचवीसेक वर्षं हे पोटात राहिलं. गेल्या दिवाळीत गुरुजींकडे गेलो. नव्वदी ओलांडलेली, आणि आता खरंच ऐकू येत नाही. मी हळू आवाजात सांगितलं. "काय?" म्हणाले. पुन्हा सांगितलं. "काय?" शेवटी ओरडूनच सांगितलं की तुमची चांगली तार मी काढून मेहुण्याला दिली होती, तुमचे कान तेव्हा ठणठणीत होते. शेजारचे दारात आले.

गुरुजींनी बोट कानाकडे नेलं. "म्हणजे ते औषध मी उगाच घातलं?"

मी मान हलवली.

"आणि त्या तिघांना उगाच पिटाळलं?" ते खो खो हसायला लागले. हसून झाल्यावर चौथीतल्याच आवाजात म्हणाले, "धर कान. दहा उठाबशा."

गल्ली बघत होती. पन्नाशी उलटलेले गुडघे कुरकुरत होते. मी सुरुवात केली.

"मोठ्याने मोज," गुरुजी म्हणाले. "मला ऐकू येत नाही."