भाव करायला नेलेला माणूस

आमच्या सोसायटीतल्या सायकलवाल्यांनी मला फसवलं. पैशांत नव्हे. पैशांत मला फसवणारा माणूस पुण्यात अजून भेटलेला नाही. वर्ध्याकडून इकडे आलो तेव्हा खिशात काही नव्हतं. पुढे आयटी कंपन्या वाढल्या, जागा बदलू लागल्या, आणि त्यांच्या जुन्या खुर्च्या-टेबलं घेऊन विकण्याच्या धंद्यावर मी धायरीत फ्लॅट घेतला. समोरच्याने पहिला आकडा उच्चारला की तो कुठे येऊन थांबणार, हे मला कळतं. पण सोबतीला म्हणून बोलावून माणसं कामाला लावतात, हे वेळेवर कळलं नाही.

त्या हिवाळ्यात बायको मुलीच्या बाळंतपणासाठी बंगलोरला गेली होती. महिनाभर म्हणून गेली. मग बाळाने मान धरली की येते म्हणाली, मग बाळ बसायला लागू दे म्हणाली. एका माणसाचा कुकर लावायला मला कधी जमलं नाही. उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचो आणि तोच खाऊन गोदामावर जायचो.

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी हातपाय हलवायला सांगितलं होतं. नुसतं चालायचा मला कंटाळा, म्हणून सायकल घेतली. चौथ्या मजल्यावर तिशीतला एक आयटीवाला राहतो, सोसायटीच्या सायकल गटाचा म्होरक्या. त्याने मला पार्किंगमध्ये गाठलं.

"काका, एकटे काय फिरता? रविवारी आमच्याबरोबर या. खडकवासल्यापर्यंत जाऊन येऊ."

"मला तुमच्यासारखं पळवता येत नाही."

"आम्ही काय शर्यत लावतोय? थांबू ना तुमच्यासाठी."

ते "थांबू ना" आठवडाभर माझ्या डोक्यात होतं.

रविवारी मी सुती बनियन, त्यावर जाड शर्ट, त्यावर बायकोने विणलेला स्वेटर आणि कानाला मफलर, असा खाली उतरलो. म्होरक्या म्हणाला, "काका, हिमालयात निघालात का?" सगळे हसले, मीही हसलो. नांदेड फाट्यापर्यंत अंगातून घामाच्या धारा लागल्या. स्वेटर काढून कमरेला बांधला. धरणापाशी थांबलो तेव्हा पाण्यावरून वारा आला, ओलं बनियन पाठीला चिकटलं आणि माझे दात वाजायला लागले. म्होरक्याने स्वतःचं पातळ जॅकेट काढून माझ्या अंगावर घातलं. दुसऱ्या एकाने तोवर माझी सायकल धरून ठेवली. माझ्या अंगावर कोणी कपडा घातला, त्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

तिथेच त्याने मला समजावलं. सुती कापड घाम पिऊन बसतं, वाळत नाही. आत अंगाला लागून पातळ, लवकर वाळणारं घालायचं. त्यावर पूर्ण बाह्यांचा टीशर्ट. सगळ्यांत वर वारा अडवणारं जॅकेट, घडी करून मागच्या खिशात मावेल इतकं हलकं. चढाला काढायचं, थांबलं किंवा उतार लागला की घालायचं.

"आणि काका, घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. निघतानाच छान वाटलं, तर समजा जास्त घातलंय."

मला हे पटलं. परतताना तो म्हणाला, "आमच्याकडेही धड कपडे नाहीत. सगळ्यांचं एकदम घेऊ. तुम्ही चला, तुमच्याशिवाय भाव व्हायचा नाही." आणि मी खूश झालो.

रविवार पेठेतल्या घाऊक दुकानात गेलो. मालकाने चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"भाव एकच आहे. पाटी वाचता येते ना?"

"पाटी वाचायला आलो नाही. ही शिवण बघा, काखेत दोरा सुटलाय."

"मग दुसरीकडे जा. पुण्यात दुकानं कमी आहेत का?"

"जातो की. पण ही सगळी माणसं माझ्याबरोबर जातील."

माझ्याबरोबरची माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती. मी आवाज चढवला, मालकानेही चढवला. मी सगळ्यांना घेऊन दाराबाहेर पडलो, तेव्हा मागून आवाज आला, "बसा हो. चहा घ्या. सकाळी सकाळी डोकं उठवलंत." भाव उतरला, वर प्रत्येकाला हातमोजे फुकट. मापंही मीच बघितली. एकेकाला वाकून, हँडल धरल्यासारखे हात पुढे करून उभं केलं. ज्याची कंबर उघडी पडली त्याला मोठं माप, ज्याच्या बाह्या मनगटावरून सरकल्या त्याला लांब बाह्यांचं. जॅकेटं सगळ्यांची पिवळी घेतली, लांबून ओळखू यावीत म्हणून. म्होरक्या म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला."

पुढच्या रविवारी नवे कपडे घालून मी गेटवर वेळेआधी उभा राहिलो. कोणी आलं नाही. वॉचमन म्हणाला, "ते तर मघाशीच गेले, साहेब. वेळ बदलली म्हणत होते."

मी एकटाच निघालो. वाटेत गटाचा नेहमीचा चहावाला आहे. पहिल्या रविवारी चहाच्या भावावरून मी त्याच्याशी घासाघीस केली होती. माझं पिवळं जॅकेट बघून तो म्हणाला, "तुमची माणसं गेली की पुढं. तुम्हीच मागं राहिला व्हय?"

मी म्हणालो, "पंक्चर झालं होतं."

त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. मग म्होरक्या लिफ्टमध्ये सापडला. गटातला आणखी एकजण त्याच्याबरोबर होता.

"वेळ बदलली, मला सांगितलं नाहीत."

"अहो काका, तो वेगळा ग्रुप केलाय. जरा फास्टवाल्यांचा."

"सगळेच फास्ट झाले? एका आठवड्यात?"

तो मजल्यांचे आकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रागावू नका, पण तुम्ही सगळ्यांशी भांडता. चहावाल्याशीसुद्धा. रविवारी सकाळी लोकांना शांतता हवी असते."

दुसरा माझ्या वर्ध्याकडच्या बोलीची नक्कल करत म्हणाला, "काका, तुम्ही भांडून राहिले, म्हणून आम्ही पळून राहिलो." चौथा मजला आला, दोघं उतरले.

भांडतो मी. त्या दुकानात भांडायलाच नेलं होतं ना मला? माझ्या एकट्याचं जॅकेट मी कुठूनही घेतलं असतं.

आता एकटाच जातो. म्होरक्याने सांगितलेलं एकट्या माणसाला तसंच्या तसं लागू पडत नाही. गटात पुढच्यांच्या आडोशाने वारा कमी लागतो. एकट्याच्या छातीवर तो सगळा येतो, म्हणून जॅकेटची चेन थोडी उघडून ते चढालाही अंगावरच ठेवतो. काढायचं म्हटलं तर सायकल धरायला कोणी नसतं. खांबाला टेकवतो, ती पडते, मग एक बाही हातात लोंबत असताना वाकून उचलतो. वेगाने येणाऱ्या गाड्या पाठीला वारा देऊन जातात. एकदा मी जाताना गट समोरून परत येत होता. लांबून पिवळं दिसलं म्हणून एकाने हात वर केला. जवळ आल्यावर ओळख पटली, तसा त्याने तो खाली घेऊन ब्रेकवर ठेवला.

बायको फोनवर विचारते, "गटाबरोबरच जाता ना? एकटे नका जाऊ." मी हो म्हणतो.

चौथ्या मजल्यावरच्या म्होरक्याने मला एका गोष्टीचं उत्तर द्यावं. लिफ्टमध्ये नको, तिथे मजला आला की सुटका होते. रविवारी गेटवर सगळे जमलेले असताना द्यावं. मला सोबतीला बोलावलं होतं, की दुकानात न्यायचं आधीच ठरलं होतं? ठरलं असेल तर तसं सांगा, सौदा होता असं मी धरीन. सौदे मला कळतात. ठरलं नसेल, तर एका आठवड्यात काय बदललं ते सांगा. मी खाली उभा असेन. पण या वेळी निघण्याची खरी वेळ मला कळवा.