गच्चीवर ओझं नको

लातुरात मुलींचं होस्टेल चालवणाऱ्या महानंदाबाईंची गच्ची कायम मोकळी असायची. पाण्याची टाकीसुद्धा त्यांनी अंगणात लोखंडी स्टँडवर बसवून घेतली होती. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं माहेर माळवदाखाली गेलं. हातभर जाडीचं ते मातीचं छत झोपेतल्या आई-वडिलांवर, भावंडांवर कोसळलं. महानंदाबाई तेव्हा चाकूरला सासरी होत्या, म्हणून वाचल्या.

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. गावोगावच्या पोरी डॉक्टर व्हायला येऊ लागल्या. महानंदाबाईंचे यजमान उमाशंकर यांनी पक्क्या कॉलमचं घर बांधून खोल्या काढल्या, आणि पुढेमागे मजला चढवू म्हणून कॉलमच्या सळया गच्चीवर सोडून ठेवल्या. ते वारले. सळया तशाच गंजत राहिल्या.

उन्हाळ्यात वादळी वारं सुटलं की लाईट जायची, ती दुसऱ्या दिवशीच यायची. ऐन परीक्षेच्या तोंडावर पोरी मेणबत्तीभोवती बसायच्या. मुखेडची दामिनी एकदा म्हणाली, "मावशी, सोलर घ्या की."

बाईंनी हनीफभाईंना बोलावलं. घरातली सगळी वायरिंग त्यांच्याच हातची.

"अक्का, साधं सोलर लाईट गेली की बंद पडतंय. बॅटरीवालं घेऊ," हनीफभाई म्हणाले. "पन पॅनेल उडू नयेत म्हून फ्रेमच्या पायावर सिमेंटचे ठोकळे ठेवावे लागतील."

"ठोकळे? पोरींच्या डोक्यावर? न्हाई जमायचं."

"मग वारं नेईल की!"

"ते बी ठाव हाय मला. भूकंपानंतर दिवसकार्याला गेले तवा काकाच्या पत्र्याच्या शेडात ऱ्हायले होते. एका वावटळीत छप्पर लोकाच्या रानात गेलं."

हनीफभाई गच्चीभर फिरले आणि सळयांपाशी थांबले. "मजला चढवायचा हाय का अजून?"

बाई सळईला हात लावून उभ्या राहिल्या. इथंच उमाशंकर संध्याकाळी हातवारे करत हवेत खोल्या काढायचे. इथं खिडकी, तिथं जिना.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यालाच बांधा."

हनीफभाईंनी गंज घासला, सळयांभोवती बुटके खांब ओतले आणि फ्रेम त्यांना बोल्टनं आवळली. पॅनेल कठड्याच्या वर जाणार नाहीत असे निजवले, मधून वारं जायला फटी सोडल्या. भार सगळा कॉलमवरून थेट जमिनीत.

वैशाखात एका संध्याकाळी वादळ उठलं. शेजारच्या मेसचे पत्रे कागदासारखे उडाले. एक धाडकन महानंदाबाईंच्याच गच्चीवर आदळला. गल्लीभर अंधार झाला. बाई जिन्यात भिंत धरून उभ्या होत्या.

तेवढ्यात अभ्यासाच्या खोलीतून दामिनीची हाक आली, "मावशी, आत या! आपल्याकडं लाईट हाय!"

पाऊस ओसरल्यावर त्या वर गेल्या. एका पॅनेलची काच तडकली होती, पण फ्रेम तसूभरही हलली नव्हती. मागोमाग पोरीही आल्या. ओल्या गच्चीवर गार झुळूक होती.

"मावशी, तुमच्या गावाला गच्ची होती?" एकीनं विचारलं.

"माळवद व्हतं," बाई म्हणाल्या, आणि कधी नव्हे ते बोलतच राहिल्या. "ऊन उतरलं की माझी धाकटी बहीण सिंधू वर पाणी शिंपडायची. मातीचा काय वास सुटायचा! मग वाकळा टाकायच्या अन् शेजारच्या माळवदावरल्या पोरींशी गप्पा. खालून आमचे आबा वरडायचे, झोपा गं! सिंधूला हसू आवरायचं न्हाई. तोंडात वाकळ कोंबायची."

पोरी खिदळल्या. बाईंनाही हसू फुटलं. इतकी वर्षं सिंधूचं नाव निघालं की डोळ्यांपुढं ढिगारा यायचा.

"मग झोपायचात कधी?" दामिनीनं विचारलं.

"झोपतंय कोण!"